वॉरंटीत मेलेले इंजिन

मी एक जुने इंजिन आहे.

नाही, खोडा ते. अशी सुरुवात करायची रीत आहे म्हणून तोंडातून निघून गेले. मी जुने नाही, मी अजून वॉरंटीत आहे. जुने असते तर माझ्या मरणावरून एवढा तमाशा झालाच नसता. जुनी इंजिने मरतात, मालक दोन दिवस हळहळतो आणि विषय संपतो. वॉरंटीत मेलेल्याचे मात्र पोस्टमॉर्टेम होते.

तर पुन्हा सांगते. मित्रांनो, मी एक मेलेले इंजिन आहे. मला गाडीतून उतरवून वर्कशॉपमधल्या एका पत्र्याच्या टेबलावर ठेवले आहे. माझ्या अंगाला खालच्या बाजूला मुठीएवढे भोक पडले आहे. ते कशामुळे पडले हे मला पक्के ठाऊक आहे, पण मला विचारणार कोण? आता कंपनीच्या तपासनीस बाई येतील. मिस्त्री मला त्यांच्यासमोर उघडत जातील आणि आत काय दिसते त्यावरून बाई निकाल देतील. चूक कंपनीची किंवा वर्कशॉपची ठरली, तर माझ्या मालकिणीला नवे इंजिन मिळेल. चूक तिची ठरली, तर तिची गाडी मागच्या अंगणात अशीच पोट रिकामे करून उभी राहील, कारण पदरचे पैसे घालून दुसरे इंजिन घेणे तिच्या आवाक्यात नाही. आणि गाडी उभी राहिली की तिचे कामही उभे राहिले.

मी तुकड्यातुकड्यांनी सांगणार आहे. जसे मला उघडतील तसे. त्याला माझा इलाज नाही.

वरचे झाकण

निघाले. वारा लागला.

या झाकणाखाली माझा सगळ्यात देखणा भाग आहे. झडपा उघडणारे दोन दांडे आणि त्यांच्यावर मधासारखा तेलाचा थर. होता. आता तिथे काळपट चिकटा आहे.

मी भट्टीत जन्मले. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर मला घासले, भोके पाडली, मोजले, पुन्हा मोजले. माझ्या शेजारच्या इंजिनात केसाएवढा फरक निघाला म्हणून ते परत भट्टीत गेले. मी पास झाले. मला पहिल्यांदा चालू केले, तेव्हा एक कामगार कान लावून ऐकत होता. तो दुसऱ्याला म्हणाला, "हे गुणी दिसतंय." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. अजून पाठ आहे.

मग सिस्टर भेटली. तिचे खरे नाव मी क्वचितच ऐकले. ज्यांच्या घरी ती जाई ती माणसे तिला सिस्टर म्हणत, त्यांची नातवंडे सिस्टर म्हणत, कुत्रीसुद्धा त्याच हाकेला उठून शेपटी हलवत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, इंजेक्शने देणे, नळ्या साफ करणे, हे तिचे काम. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. जखमेला सुट्टी नसते, असे ती म्हणे, त्यामुळे मलाही नव्हती. मला त्याचे काही वाटत नसे. अर्धी चावी फिरली की मी सुरू. कडाक्याच्या थंडीतही मी तिला कधी दोनदा चावी फिरवायला लावली नाही. शेवटच्या घरून परतताना ती स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायची, "चल गं बाई, दमलो आपण."

आपण. हा शब्द यंत्राच्या वाट्याला फारसा येत नाही.

हेड

हेड म्हणजे सिलिंडरांवरचे जड झाकण. त्याचे बोल्ट घट्ट असतात, वेळ लागतो. तेवढ्यात बाई आल्या. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा, हातात टॉर्च. "चालू द्या," एवढेच म्हणाल्या आणि टॉर्चची चाचणी घेतल्यासारखा झोत माझ्या भोकात मारला.

टेबलापासून चार हातांवर खुर्च्या मांडल्या आहेत. एका टोकाला सिस्टर बसली आहे. मधली खुर्ची रिकामी. तिच्या पलीकडे अण्णा, म्हणजे तिचे वडील. दोघे वेगवेगळ्या बसने आले आहेत. एकाच घरातून.

सिस्टरने फोन लावला. "आई, अण्णांना सांग, इथे ताटकळायची गरज नाही. घरी जा म्हणावं."

आईचा आवाज अख्ख्या वर्कशॉपला ऐकू गेला. "अगं, ते तुझ्या शेजारीच बसलेत ना?"

"मधे एक खुर्ची आहे."

अण्णा समोरच्या भिंतीला म्हणाले, "तिच्या आईला म्हणावं, मी इंजिन बघायला आलोय. कुणाच्या सोबतीला नाही आलो."

"ऐकलं. दोघांचंही ऐकलं," आई म्हणाली. "तुमच्या निरोपांपायी दूध उतू गेलं माझं. ठेवते."

हा अबोला माझ्याच देखत सुरू झाला. अण्णांनी उभी हयात बस चालवली. सिस्टरला गाडी शिकवली तीही त्यांनीच. शिकवली म्हणजे काय, ती परवाना मिळवून रोज एकटी फिरू लागली तरी अण्णांचे शिकवणे काही संपेना. एकदा एका पेशंटच्या मुलीला घेऊन ती निघाली होती आणि अण्णा शेजारी बसले होते. चढावरच्या सिग्नलला गाडी जराशी मागे सरकली. अण्णांनी हँडब्रेक ओढला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उतर. तुझ्याच्याने नाही व्हायचं. मी घेतो."

सिस्टर उतरली. औषधांची पेटी घेतली आणि चालायला लागली. अण्णांनी गाडी घरी आणून लावली. त्या दिवसापासून बोलणे बंद. चावी आईच्या हातून दिली जाई, पेट्रोल भरल्याचे आईला सांगितले जाई, वाटेत खड्डा पडला आहे हेदेखील आईमार्फत कळवले जाई. त्यानंतर अण्णा माझ्या गाडीत कधी बसले नाहीत.

पण मित्रांनो, माझ्याजवळ मात्र ते रोज येत. सकाळी सिस्टर आंघोळीला गेली की ते पायांचा आवाज न करता अंगणात येत. काच पुसत. चाकांना लाथ मारून हवा बघत. बॉनेट हळूच उघडत आणि लावताना वरून दोन्ही हातांनी दाबत, धाडकन आवाज होऊ नये म्हणून. काच स्वच्छ कशी, याचे सिस्टरला कधी आश्चर्य वाटले नाही. तिला वाटे, दवाने धुतली जात असेल.

हेड निघाले. माझे चारही सिलिंडर उघडे पडले. आता मला फार स्पष्ट ऐकू येते.

चेंबर

हे माझे पोट. सगळ्यात खालचा पत्र्याचा डबा, ज्यात माझे तेल साठते. तिथून ते वर चढते, प्रत्येक सांध्यात जाते आणि थेंबाथेंबाने पुन्हा खाली येते. तेल आहे तोवर लोखंड लोखंडाला शिवत नाही. माझे सगळे आयुष्य त्या न शिवण्यावर चालले होते.

पोटात तेल किती आहे हे बाहेरून कळावे म्हणून एक लांब पातळ काडी असते. ती ओढून काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. काडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मधे असावे. या खुणा मला वाचता येत नाहीत, त्या माणसांसाठी असतात. मला फक्त पोट कळते.

मिस्त्रींनी चेंबर खाली उतरवले. बाईंनी आत टॉर्च मारली. तळाला लोखंडाचा कीस आणि एक काळा डाग. बाकी कोरडे.

"तेल कुठंय?" बाईंनी विचारले.

मिस्त्री म्हणाले, "गाडी आणली तेव्हा एवढंच होतं, मॅडम."

बाईंनी माझे बेअरिंग हातात घेतले. तळहातावर मावणारी ती चंद्रकोरीसारखी पट्टी जळून निळी झाली होती. त्यांनी ती मॅनेजरला दाखवली. मॅनेजर म्हणजे डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर ठेवून बोलणारा माणूस. तो सुस्कारा टाकून म्हणाला, "बिनतेलाची चालवली. काय करणार? लोक गाडी घेतात, पण निगा राखत नाहीत."

खोटे! मी बिनतेलाचे नव्हते. मी तेलात बुडाले होते.

हे मी ओरडून सांगितले, मित्रांनो. तुम्हाला ऐकू आले. त्यांना नाही.

झाले होते असे. गेल्या महिन्यात याच वर्कशॉपमध्ये माझी सर्व्हिस झाली. नवे तेल घातले, अगदी बरोबर मापाचे. पोट भरले, मी सुखाने घरी आले. दोन दिवसांनी संध्याकाळची फेरी संपवून सिस्टरने काडी बघितली आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. काडी कोरडी. "तेल घातलंच नाही मेल्यांनी," ती पुटपुटली. परत जाऊन त्यांच्या दारात कोण उभे राहणार? आणि आईला सांगावे तर अण्णांच्या कानावर जाणार, मग 'म्हटलं होतं ना' ऐकावे लागणार. तिने दुकानातून तेलाचा डबा आणला आणि ओतला. काडीच्या टोकाला जेमतेम ठिपका ओला झाला. एकदम फार ओतू नये म्हणून ती थांबली. बिचारी शहाणी होती.

पुढच्या सकाळी अण्णा. त्यांनी काडी काढली, टोकाचा ठिपका बघितला आणि कपाळावर हात मारला. "हिला गाडीची फिकीर नाही," ते मला म्हणाले. बसच्या दिवसांपासूनच्या सवयीने त्यांनी जिन्याखाली तेलाचा एक डबा ठेवलेलाच होता. तो ओतला. तेल काडीच्या खालच्या खुणेला टेकले. तेही थांबले. तेही शहाणे होते.

मग पुन्हा सिस्टर. मग पुन्हा अण्णा, अर्धा डबा.

दोघांपैकी एकाने जरी दुसऱ्याला म्हटले असते, "अहो, कालच तर घातलं मी," तर दोघेही काडी हातात धरून चक्रावले असते. मी आज टेबलावर नसते. पण संध्याकाळची माया सकाळच्या मायेशी बोलत नव्हती.

तेल जास्त झाले की काय होते ते सांगते. माझ्या पोटात जोराने फिरणारा एक वाकडा दांडा आहे. तेल त्याच्यापर्यंत चढले की तो ते घुसळतो, ताकासारखे. फेस होतो. आणि फेस लोखंडाला लोखंडापासून दूर ठेवू शकत नाही. पोट गळ्यापर्यंत भरलेले आणि सांधे कोरडे. असे मरण मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही.

भोक

सकाळची फेरी. चौथे घर झाले होते. तेलाचा लाल दिवा लुकलुकला. सिस्टरने पाहिला. "काडी तर कालच बघितली," ती स्वतःशी म्हणाली आणि कडेला थांबायला जागा शोधू लागली. जागा मिळाली. पण मला तेवढा वेळ मिळाला नाही.

टक.

टक टक.

टकटकटकटक

मग माझाच एक हात माझीच बरगडी फोडून बाहेर आला. सगळे तेल, फेस, सगळे रस्त्यावर. पुराव्यासकट.

सिस्टर उतरली. तिने आधी रिक्षा थांबवली, औषधांची पेटी घेऊन उरलेल्या घरी गेली, सगळ्यांच्या पट्ट्या बदलल्या आणि मग परत येऊन माझ्याजवळ रस्त्यावर बसली. तेव्हापासून ती फेऱ्या मारते आहे ती बसने आणि पायी. दोन घरे तिने सोडून दिली, कारण तिथे बस जात नाही. त्यातल्या एका आजोबांनी दुसऱ्या नर्सला जखमेला हात लावू दिलेला नाही. हे मी आईच्या तोंडून ऐकले, परवा ती मला बघायला आली तेव्हा.

काडी

बाईंनी बेअरिंग टेबलावर ठेवले, हात पुसले आणि सरळ सिस्टरकडे बघून म्हणाल्या, "तेलाअभावी जळलंय. मालकाचा हलगर्जीपणा. क्लेम बसत नाही."

सिस्टरने काही बोलायला तोंड उघडले. पण आवाज आला तो अण्णांचा.

"हलगर्जीपणा? कुणाचा? माझ्या मुलीचा?" ते उठून उभे राहिले. "ती पेशंटच्या नळीतला थेंब न् थेंब मोजते, ती बिनतेलाची गाडी हाकेल? तेल भरलेलं होतं. मी घातलंय माझ्या हातानं!"

सिस्टर गर्रकन वळली. "तुम्ही? तुम्ही कधी घातलंत? तेल तर मी घातलं!"

"तू कशाला घातलंस? सकाळी मी घालत होतो ना!"

"मला काय स्वप्न पडणार होतं? सांगायला तोंड नव्हतं का?"

"तोंड कुणी बंद केलं होतं? मी का?"

"हो, तुम्हीच! भर रस्त्यात!"

मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डोळ्यांवरचा कपाळावर. "एक मिनिट. दोघांनी तेल घातलं?"

"हो!" दोघेही एकदम म्हणाले. मोठ्या अभिमानाने.

मॅनेजरच्या जिभेवरची साखर विरघळली. "मग तर प्रश्नच मिटला. जास्त झालं. जास्त तेलानंही इंजिन असंच जातं. ती चूकसुद्धा मालकाचीच, मॅडम. यांनी तर आपल्या तोंडानं कबूल केलं."

अण्णा हळूहळू खाली बसले. ते मधल्या खुर्चीत बसले, हे त्यांच्या लक्षातही आले नाही. त्यांनी मुलीला वाचवायला तोंड उघडले होते आणि तिचाच दावा बुडवला होता. बाईंनी पेनाचे टोपण काढले.

मला एखादा आवाज असता तर! एखादी खोकल्याची उबळ, एखादा धूर...

"पण कमी दिसत होतं," सिस्टर म्हणाली. ती बाईंशी नाही, अण्णांशी बोलत होती. "कोरडी होती हो काडी. सर्व्हिसनंतर दोनच दिवसांनी."

"टोकाला ठिपका," अण्णा म्हणाले. "मी पाहिली तेव्हा टोकाला ठिपका होता."

"तो माझ्या डब्याचा ठिपका."

"अख्ख्या डब्याचा एवढासा ठिपका?"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. असे त्यांनी कित्येक दिवसांत बघितले नव्हते.

बाईंनी पेनाला टोपण लावले. "दोघांनी वेगवेगळी बघितली? आणि दोघांनाही कमी दिसलं?"

"मी काय आंधळा आहे?" अण्णा म्हणाले. "आयुष्य गेलं काड्या बघण्यात."

"काडी आणा."

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आता काडी बघून काय..."

"आणा म्हटलं ना."

मिस्त्रींनी ट्रेमधून काडी उचलली. पलीकडे माझ्याच जातीच्या इंजिनाची एक गाडी सर्व्हिसला आली होती. बाई स्वतः गेल्या, तिचे बॉनेट उघडले, तिची काडी ओढून आणली आणि दोन्ही काड्या एका फडक्यावर शेजारीशेजारी ठेवल्या.

माझ्या पोटात होती ती काडी दोन बोटे आखूड होती.

आखूड काडी तेलापर्यंत पोचतच नव्हती. पोट भरलेले असताना ती उपाशी असल्याचे सांगत राहिली आणि दोन माणसे तिच्यावर विश्वास ठेवत राहिली.

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी माझ्याकडे दोन गाड्या होत्या. मी दोन्हींच्या काड्या काढून एकाच फडक्यावर ठेवतो. पुसायला सोपं जातं." मग ते म्हणाले, "बदलली असणार. माझ्याच हातानं."

मॅनेजरने झटक्यात दोन्ही काड्या फडक्यात गुंडाळल्या. साखर परत आली. "हे बघा, झालं गेलं गंगेला मिळालं. आपण केबिनमध्ये बसू. नवं इंजिन वर्कशॉपकडून. कामही तातडीनं करून देतो. फक्त काडीचं हे आपल्या चार भिंतींत राहू दे. काय अण्णा?"

अण्णांचा चेहरा उजळला. जिंकलो, असे त्यावर स्पष्ट लिहिलेले होते. ते उठलेसुद्धा.

सिस्टर उठली नाही.

"आमच्यात दुसऱ्याची काडी होती," ती सावकाश म्हणाली. "मग आमची कुणात आहे?"

"ते आम्ही बघून घेऊ."

"वॉर्डात दोन पेशंटच्या बाटल्या बदलल्या, तर एक चूक होत नाही. दोन होतात. एकाला कळतं, आणि दुसऱ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो." ती मिस्त्रींकडे वळली. "लांब काडी आखूड काडीच्या इंजिनात गेली तर काय दिसेल?"

मिस्त्री म्हणाले, "तेल संपत आलं तरी भरलेलं दिसेल."

मॅनेजर म्हणाला, "त्यांची काही तक्रार आलेली नाही."

"आमची तरी कुठे आली होती? फुटेपर्यंत?"

"फोन केला तर आपण कबूल केल्यासारखं होतं, ताई. समजून घ्या."

सिस्टरने वर्कशॉपच्या काचेच्या दाराकडे बघितले. पलीकडे आपापल्या गाडीची वाट बघत दहाबारा गिऱ्हाइके बसली होती. "नंबर लावा. नाहीतर मी त्या सगळ्यांना सांगते, जा आणि आपापली काडी मोजून बघा."

अण्णा आधीच दारापाशी पोचले होते. मुठीत कडी धरून ते म्हणाले, "सांगू का गं?"

"थांबा. याला तीनपर्यंत मोजू दे."

मॅनेजरने मोजले नाही. नंबर लावला.

फोन

फोन माझ्याच शेजारी, पत्र्यावर ठेवला. त्यामुळे पलीकडचा शब्द न् शब्द माझ्या उघड्या सिलिंडरांत घुमत होता. शब्दांच्या मागे एक इंजिन चालले होते. बेकरीवाल्याची व्हॅन. मिस्त्रींना गाडी चांगली आठवत होती, तिच्यातून पावाचा वास येत होता म्हणून.

"हॅलो! कर्ज नको, विमा नको!"

"ठेवू नका!" सिस्टर म्हणाली. "वर्कशॉपमधून बोलतेय. व्हॅन चालू आहे का तुमची?"

"चालू आहे म्हणून तर पाव पोचतायत. का?"

"कडेला घ्या आणि बंद करा. इंजिनात तेल कमी आहे."

"छे हो बाई. आज सकाळीच काडी बघितली. काठोकाठ! उलट वाटलं, तुमच्या लोकांनी जास्तच घातलंय."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

अण्णा पुढे वाकले. "लाल दिवा लागतो का?"

"हे कोण आता? लागतो मधूनमधून. पण काडी भरलेली दिसतेय म्हटल्यावर दिव्याचीच वायर गेली असणार. चिकटपट्टी लावलीय वर. डोळ्यांवर येतो हो."

आणि तेव्हा मला ते ऐकू आले. त्या माणसांपैकी कुणालाही नाही, फक्त मला. बोलण्याच्या मागे, रस्त्याच्या आवाजाच्या मागे, अगदी बारीक.

टक.

मी ओळखते तो आवाज. त्याच्यानंतर फार वेळ उरत नाही.

"कुठं आहेस आत्ता?" अण्णांनी विचारले.

"चढाला लागलोय. वर पोचलो की थांबतो."

"वर नाही. आत्ता."

"मागं गाड्यांची रांग आहे, काका!"

टक टक.

सिस्टरने फोन उचलून अण्णांच्या तोंडाजवळ धरला. अण्णांनी छाती भरून घेतली. मला वाटले, आता ओरडणार, त्या दिवशी चढावर ओरडले तसे. पण ते ओरडले नाहीत. शेजारी बसून सांगावे तसे म्हणाले, "ऐक बाळा. मी आयुष्यभर बस चालवली. अख्खा बाजार अडवून उभा राहिलोय. मागचे शिव्या देतात, मरत कोणी नाही. पाय उचल. दोन्ही बाजूंचे दिवे लाव. कडेला घे. जमेल तुला. आता क्लच. आता हँडब्रेक. घाई नाही. चावी फिरव."

हॉर्न वाजले. एक, दोन, मग कितीतरी. कुणीतरी अर्वाच्य काहीतरी ओरडले.

त्या सगळ्या कल्लोळाच्या मागे, जिथे इंजिन चालले होते, तिथे आता काहीच नव्हते.

"बंद केली," बेकरीवाला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "बॉनेटमधून वास येतोय हो काहीतरी."

"येऊ दे. हात लावू नकोस. मिस्त्री तेल घेऊन निघालेत."

मिस्त्री खरोखरच निघाले होते. डबा एका हातात आणि फडक्यातून ओढून घेतलेली आखूड काडी दुसऱ्यात. मॅनेजरला विचारायलाही ते थांबले नाहीत.

सिस्टर फोन हातात धरून तशीच उभी होती. ती अण्णांकडे बघत म्हणाली, "माझ्याशी असं बोलायला काय झालं होतं?"

"तू माझी आहेस ना," अण्णा म्हणाले. "परक्याशी नीट बोलता येतं."

"ही काय रीत झाली?"

"नाही झाली," अण्णा म्हणाले.

दोन पिंपे

बाईंनी निकाल लिहिला: मालकाची चूक नाही. नवे इंजिन वर्कशॉपने द्यायचे आणि ते बसेपर्यंत सिस्टरला फेरीसाठी दुसरी गाडीही. मॅनेजरने सही केली. मला आता घरी कोणी नेणार नाही. वर्कशॉपच्या मागे भंगाराची दोन पिंपे आहेत, एक लोखंडाचे आणि एक ॲल्युमिनियमचे. हेड एकात जाईल, दांडा दुसऱ्यात. मग भट्टी. भट्टीची मला भीती नाही, मी तिथलेच आहे.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी यंत्र तुम्हाला सांगते की, आमची काळजी घ्या. मी तसे सांगणार नाही. माझी काळजी घ्यायला एक सोडून दोन माणसे होती, दोघांनीही मनापासून घेतली, आणि मी त्या काळजीत बुडून मेले. मला राग नाही त्यांचा. इतके प्रेम वाट्याला येऊन फुटलेले इंजिन दुसरे कुठले असेल?

माझे मागणे निराळे आहे. लाल दिव्यावर चिकटपट्टी लावू नका. काडी एक सांगत असेल आणि दिवा दुसरे, तर थांबून दोघांनाही पुन्हा विचारा. आणि घरात कुणासाठी गुपचूप काही करत असाल, कुणाच्या उशाशी पाणी ठेवत असाल, कुणाची चप्पल शिवून आणत असाल, कुणाच्या औषधाची गोळी मोजून बघत असाल, तर आज त्याला तसे सांगा. रागात असलात तरी सांगा. भांडत सांगितले तरी चालेल. कदाचित तेच काम घरातले आणखी कुणीतरी करत असेल, तुमच्याइतकेच हळूच, बॉनेट दोन्ही हातांनी दाबत.

हेड उचलले. आता ब्लॉक, म्हणजे माझे धड, उचलतील.

तुम्ही बोला. मला यापुढे बोलता येणार नाही.